आंबेखेडीची बारव आणि तिचा संशोधक

५ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही.

वय सत्तेचाळीस. जालन्यात बियाणं कंपनीत अकाउंट्स. आजवर दुसऱ्यांचे हिशेब जुळवले. आता इतिहास.

कारण : लोक वेरूळला जातात, अजिंठ्याला जातात. आपल्याच जिल्ह्यात बाभळीच्या झुडपात जे पडलंय त्याकडे बघायला कुणाला वेळ नाही. मला आहे.

संकल्प : दर रविवारी एक दुर्लक्षित वास्तू. वर्षाअखेर पुस्तक. मुखपृष्ठ ठरलं आहे. मी, बाजूनं, दूर बघताना.

दुपारी हॅट, गमबूट आणि दुर्बीण आणली. दैवशालानं विचारलं, कोणती वास्तू? म्हटलं, ती शोधावी लागते. ती भाकरी थापता थापता म्हणाली, आमच्या आंबेखेडीत बारव आहे ना, काकूच्या मळ्यामागं. पायऱ्यांची विहीर, जुनी.

लग्नाला एकवीस वर्षं झाली, सासरवाडीनं ही गोष्ट माझ्यापासून लपवून ठेवली. ती म्हणाली, लपवली कुणी, तुम्ही जेवण झालं की ओसरीवर झोपता.

तरी शोध माझाच धरावा लागेल. रोज दिसणं वेगळं आणि अभ्यासकाच्या नजरेला दिसणं वेगळं.

१२ जानेवारी, रविवार

पहिली मोहीम. ऑफिसातल्या वसंताची मोटारसायकल. टेंभुर्णीहून आत वळलो की रस्ता संपतो आणि खड्डे सुरू होतात.

बारव भव्य! काळे दगड, तिन्ही बाजूंनी पायऱ्या, भिंतीत कोनाडे, एका कोनाड्यात मूर्ती. आत बाभळी, प्लॅस्टिक, एक तुटकी खाट.

खाली उतरलो नाही. वास्तू आधी समग्र पाहावी. शिवाय दुसऱ्या पायरीवर सापाची कात होती. वसंताला खाली पाठवलं. कुठं उभं राहायचं ते मी दुर्बिणीतून सांगत होतो.

काळ : यादव. वसंतानं विचारलं, कशावरून? म्हटलं, ती नजर असावी लागते.

नंतर दुर्गाकाकूंकडे जेवण. दैवशालाची चुलती, सत्तरीच्या पुढं, आवाज मात्र गिरणीच्या भोंग्यासारखा. बारवेविषयी बऱ्याच गोष्टी सांगत होत्या. लिहून घेतल्या नाहीत. तोंडी माहिती विश्वसनीय नसते. शिवाय भरल्या वांग्यांनी डोळे मिटत होते.

१४ जानेवारी, संक्रांत

फेसबुकवर लेख टाकला. शेवटचं वाक्य स्वतःलाच तीनदा वाचून दाखवलं : ‘आंबेखेडीच्या या बारवेत शेकडो वर्षांचा अमूल्य ठेवा दडलेला आहे. आजवर त्याला कुणाचाही हात लागलेला नाही!’ खाली नकाशा जोडला.

दैवशाला म्हणाली, ठेवा-बिवा काढा, ‘बारव जुनी आहे’ एवढंच लिहा. तिला म्हटलं, तुझ्या वाक्याला शैली म्हणत नाहीत. ती तिळगूळ देऊन निघून गेली. गोड बोलली नाही.

१७ जानेवारी

लेख गाजतोय. अनोळखी लोकांचे फोन. एकानं विचारलं, खोल किती आहे? दुसऱ्यानं विचारलं, तिथं रखवालदार असतो का? तिसऱ्याला अमावस्येची चौकशी करायची होती. तरुण पिढीला इतिहासाची गोडी नाही असं कोण म्हणतं?

सगळ्यांना सविस्तर रस्ता सांगितला. दुर्गाकाकूंच्या मळ्याची खूणही दिली.

२० जानेवारी

सकाळी कडूबाचा फोन. कडूबा म्हणजे आंबेखेडीचा सरपंच, दैवशालाचा चुलतभाऊ. एरवी ‘दाजी, कवा येता’ म्हणून हसत बोलतो. आज हसला नाही.

रात्री कुणीतरी बारवेत उतरलं. लिंबं, नारळ, गुलाल. तळाची फरशी उखडून ठेवली. कोनाड्यातली मूर्ती मागं काही आहे का बघायला पहारीनं ओढली. दोन तुकडे झाले.

कडूबा म्हणाला, “दाजी, काय लिहून ठेवलं तुम्ही? लोकं गुप्तधन उकरायला आल्ते.”

मी त्याला समजावलं की ठेवा म्हणजे सांस्कृतिक ठेवा. तो म्हणाला, “पहारीला ते कळत न्हाई.”

लेख काढून टाकला. पण तोवर तो कुठं कुठं गेला होता. ‘सोन्याची बारव’ या नावानं मलाच परत आला.

संध्याकाळी जेवलो नाही. अ‍ॅसिडिटी.

२३ जानेवारी

कडूबाचा पुन्हा फोन. रोज नवी माणसं, नव्या गाड्या. परवा एक जण पाय घसरून पडला, त्याला बाजेवर घालून वर काढला. गाव वैतागलं आहे. प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत बारव मुरूम टाकून बुजवायचा ठराव येणार.

म्हटलं, मी येऊन बोलतो. तो म्हणाला, या.

भाषण लिहायला घेतलं. सुरुवात सातवाहनांपासून. एकदा मांडणी नीट झाली की गाव आपलं आहे.

२६ जानेवारी, रविवार

ध्वजवंदनानंतर ग्रामसभा. माझ्या हातात अकरा पानं. दुसऱ्या पानावर असताना शाळेच्या ओट्यावर जिलेबी वाटायला सुरुवात झाली. सातवाहन मावळले. उरलेल्यांतले एक म्हातारबाबा म्हणाले, “उद्या कुणाचं लेकरू पडलं तं तुम्ही जालन्याहून येणार का बघायला?”

अकराही पानं चाळली. घडी करून खिशात ठेवली.

ठराव मंजूर. शनिवारी जेसीबी येणार.

दैवशाला मागं दुर्गाकाकूंजवळ बसली होती. परतीच्या एसटीत दुसऱ्याच गावचं तिकीट काढल्यासारखं तोंड करून खिडकीबाहेर बघत होती. देऊळगाव राजा गेल्यावर म्हणाली, ती मूर्ती कशाची होती माहीत आहे का?

म्हटलं, यादवकालीन.

ती म्हणाली, आसरा. पाण्याची देवी. मी झाले तेव्हा आईनं मला तिच्या पायावर घातलं होतं. गावातली प्रत्येक बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडली की तिथंच जायची.

हे मला आधी का सांगितलं नाही, असं विचारणार होतो. विचारलं नाही. काकू त्या दिवशी वांग्यांबरोबर हेच सांगत होत्या, असं अंधुक आठवलं.

२९ जानेवारी

योजना : सत्याग्रह. शनिवारी जेसीबीपुढं आडवा पडणार. देशानं बघावं. फोटोला वसंता.

गच्चीवर सराव केला. कंबर धरली. गादी घेऊन सत्याग्रह शोभेल का, याचा विचार चालू आहे.

पुरातत्त्व खात्याला, कलेक्टरना आणि मंत्र्यांना मेल केले. एक परत आला. पत्ता चुकला होता.

दैवशालानं ऐकून घेतलं. म्हणाली, तुम्ही पडा हं. उद्या ती माहेरी जातेय. काकूंना बरं नाही म्हणे.

१ फेब्रुवारी, शनिवार

वसंताची गाडी पंक्चर. पोचायला उशीर. धावतच मळ्यामागं गेलो. जेसीबी उभा होता, मुरमाचे टिप्पर उभे होते आणि त्यांच्यापुढं बायका. अख्ख्या गावातल्या. पायऱ्यांवर, काठावर, जेसीबीच्या लोखंडी तोंडापाशी. सगळ्यांत पुढं बरं नसलेल्या दुर्गाकाकू, कमरेला पदर खोचून. मधोमध दैवशाला.

दुर्गाकाकू कडूबाला विचारत होत्या, “तुला कुणाच्या पायावर घातल्तं रे? बोल की. तुझी माय तुला घेऊन कुठं आल्ती?” सरपंच चपलेनं माती उकरत होता.

मग बौद्ध वस्तीतल्या उषाबाई पुढं आल्या. त्या म्हणाल्या, “आमचा काही देवी-आसरावर इश्वास न्हाई. पण एक सांगते. माझ्या आजीसासूला ह्या बारवेची एक पायरी उतरू देत न्हवते. वर हुभं राहून वंजळीत पाणी मागावं लागायचं. आता आम्ही उतरू शकतो, तं तुम्ही बुजवून राह्यले का?”

दुर्गाकाकूंनी मान खाली घातली. मग सरकून आपल्या शेजारी जागा केली. उषाबाई तिथं बसल्या.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

यातलं एक अक्षरही माझ्या अकरा पानांत नव्हतं.

तरी ठरल्याप्रमाणे मी जेसीबीपुढं आडवा पडलो. दुर्गाकाकू म्हणाल्या, “जावईबापू, उठा, कापडं मळतील. चहा ठिवलाय.” उठलो. फोटो आलाच नाही, वसंता पंक्चरवाल्याकडे.

दुपारी तोडगा निघाला. बायका बारव साफ करणार, पंचायत वरून कठडा आणि फाटक बसवणार. कडूबानं एक अट घातली : दाजींनी फेसबुकवर काही टाकायचं न्हाई.

माझ्या वतीनं दैवशालानं शब्द दिला. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी अटीच्या भाषेत सुधारणा सुचवली असती.

९ फेब्रुवारी, रविवार

सफाई. मी देखरेख करणार होतो. उषाबाईंनी हातात घमेलं दिलं.

बारवेत पहिल्यांदा उतरलो. बसत बसत, पायरी पायरीनं, गमबुटांसकट. मागून बायका हसत होत्या. खाली गेल्यावर मात्र त्यांचं हसणं वरच राहिलं. आत गारवा. ओल्या दगडाचा वास. तळाशी, गाळाच्या कडेला, हातभर स्वच्छ पाणी होतं. दुर्बिणीतून ते दिसलंच नव्हतं.

मूर्तीचे दोन तुकडे कोनाड्याखाली टेकवून ठेवले होते. दुर्बिणीतून मला ती कोरीव वाटली होती. जवळून बघितलं तर नाक नाही, डोळे नाहीत, सगळं गुळगुळीत. पिढ्यान्‌पिढ्या हात लावून लावून चेहरा झिजला होता. ‘आजवर त्याला कुणाचाही हात लागलेला नाही.’ असं मी लिहिलं होतं. तीन वेळा मोठ्यानं वाचलं होतं.

तुटलेल्या जागी दगड आतून पांढरा. ताजा.

दैवशाला शेजारी येऊन उभी राहिली. मी म्हणालो, माझ्यामुळे झालं. ती म्हणाली, हो. मग म्हणाली, गाळ भरा, घमेल्यांची साखळी थांबलीय.

डोळ्यांतून पाणी येत होतं. धूळ फार.

२ मार्च, रविवार

छत्रपती संभाजीनगरहून प्रियदर्शनी मॅडम आल्या. मराठवाड्यातल्या बारवांची मोजणी करतात. दैवशालानंच त्यांना शोधून काढलं. मी हॅट घातली. स्वागताचे चार शब्द तयार ठेवले होते.

मॅडम थेट खाली उतरल्या. मी वरूनच सांगितलं, यादवकालीन. त्यांनी विचारलं, कशावरून? मी इकडेतिकडे बघितलं. वसंताही माझ्याकडेच बघत होता. त्या म्हणाल्या, काही दगड दुसरीकडचे वाटतात, बांधकाम नंतरचंही असेल, इतक्यात सांगता येणार नाही. मी मान हलवली. अभ्यासकानं घाई करू नये, असं मलाही वाटतं. अलीकडे वाटतं.

मग त्या दुर्गाकाकू आणि उषाबाईंजवळ बसल्या. रेकॉर्डर चालू. कोण कुठल्या पायरीपर्यंत यायचं, कोण वरच थांबायचं, बाळंतिणी काय आणायच्या, पाणी कोणत्या महिन्यात कुठवर चढायचं. मध्येच दोघींचं एका गोष्टीवरून वाजलं, मॅडमनी तेही रेकॉर्ड केलं. मी अधूनमधून खोकून बघितलं. माझ्याकडे रेकॉर्डर वळला नाही.

शेवटी मॅडमनी वर बघून विचारलं, तुम्ही मोकळे आहात का?

म्हटलं, पूर्ण.

खाली उतरलो. त्यांनी मोजपट्टीचं टोक दिलं. या दगडाला टेकवून धरा, हलू नका.

धरलं. त्या पट्टी ओढत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेल्या. आकडे सांगत होत्या, दैवशाला लिहून घेत होती. मग दुसरी बाजू, मग कोनाडे, मग पायऱ्यांची रुंदी. ऊन डोक्यावर आलं. हॅट घसरून नाकावर आली. मानेवर काहीतरी चावत होतं. हललो नाही.

निघताना मॅडम म्हणाल्या, टोक अगदी नीट धरलं होतं तुम्ही.

एसटीत दैवशालाला हे दोनदा सांगितलं. ती म्हणाली, ऐकलं मी, तिथंच होते.