तंबूबाहेरची माणसं

प्रतापनगर, नागपूर
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय पुष्कर,

अनेक आशीर्वाद. बडोद्यात तुझं बरं चाललं असेल. इकडे आम्ही ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. तू दिवाळीला येणार कळल्यापासून चिवड्याचे पोहे रोज उन्हात जातात आणि रोज परत येतात.

ताईने पत्र लिहिलं म्हणून हसशील. पण तुझा फोन आला की आई स्पीकर लावायला सांगते, आणि हे तिच्यासमोर बोलायचं नाही.

तू भरवतोयस त्या प्रदर्शनाची पत्रिका मिळाली. आपल्या आजोबांचं, नानाजींचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात बघून गंमत वाटली. कस्तुरचंद पार्कवर तंबूबाहेर बसलेली सर्कशीची माणसं नानाजींनी काढली, तेव्हा लोक म्हणाले होते, ड्रॉइंग मास्तर असून चित्र येत नाही. माणसांना पाय आहेत, पायाखाली जमीन नाही. आता तेच चित्र म्हणे काळाच्या पुढचं! बाबा हवे होते रे.

कागदावरचा एकुलता एक छाप वाळवीने खाल्ला, तेव्हा तूच म्हणालास, नानाजींनी कोरलेली तांब्याची प्लेट आहे ना, मग चित्र आहे, हवं तेव्हा छापू. तू त्या भरवशावर सगळं ठरवलंस, म्हणून लिहायला हात धजत नाही.

खंडेनवमीला नानाजींची कोरायची सुई आणि ती प्लेट पूजेत ठेवायची आपल्याकडची रीत. ते काम बाबांचं. दार लोटून, तेलाच्या मऊ फडक्याने पुसायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. का, ते त्यांनी आईला कधी सांगितलं नाही आणि आपणही नाही. मागच्या वर्षी बाबांच्या सुतकामुळे सण नव्हता. या वर्षी बाबांचं काम आईने अंगावर घेतलं. स्वयंपाकघरातून चिंचेचा वास आला, मला वाटलं देवांची भांडी निघाली आहेत.

पुष्कर, तिने प्लेट चिंच-मीठ लावून घासली. आधी नारळाच्या शेंडीने, मग राखेने, जशी समई घासते तशी. मी गेले तेव्हा प्लेट आरशासारखी झाली होती आणि तिच्या बोटांना बारीक चरे पडले होते.

दुसऱ्या दिवशी खोटंच सांगून प्लेट तुला छापचित्रं शिकवणाऱ्या ताराचंद सरांकडे नेली. त्यांनी एक छाप काढला. मग समजावलं, सुईने कोरताना रेघेच्या काठाला तांब्याचा बारीक किस उभा राहतो, शाई त्यात अडकते, छापात मखमल दिसते ती त्याची. तो सगळा गेला. खोल रेघा तेवढ्या उरल्यात. तंबूचे दोर आहेत, पैलवानाचा खांदा आहे. चेंडूवर उभी असलेली पोर नाहीशी झालीय. वेणी घालणाऱ्या बाईचा हात दिसतो, पण त्या हातात केस नाहीत. पुन्हा कोरलं तर ते नानाजींचं राहणार नाही, असं सर म्हणाले.

म्हणजे तुझ्या प्रदर्शनाचा कणाच मोडला. मला कळतं. मी रडले, पण रिक्षात.

आता जे लिहायचं टाळतेय ते. बाबांच्या तेराव्याला तिने त्यांचे जुने कागद रद्दीत दिले म्हणून तू भरल्या घरात ओरडलास, ‘तुला काय कळतं यातलं?’ तेव्हापासून तू आला नाहीस. घरात कशाचाही विषय निघाला की ती म्हणते, ‘मले का समजते?’ आणि उठून जाते. आपली आई, जी सगळ्या नरखेड गावाला अक्कल शिकवायची! त्या दिवशी प्लेट पुसत ती म्हणाली, ‘मले काई समजत नाई म्हनला होता न तो? आता पाह्य म्हनावं. कशी चकचक करून राहिली, पाह्य वं!’ मी म्हटलं, छान झाली. सरांकडून परत आणल्यावर तिने ती आपल्या नव्या लुगड्याच्या घडीत ठेवली आहे. ‘पुष्करच्या हातात मीच देईन, तू हात नको लावू,’ असं मला बजावलंय.

प्रदर्शनवाल्यांना काय सांगायचं ते तू बघ. प्लेट खराब झाली, माझ्या हातून पडली, माझं नाव घे. माझी काही हरकत नाही. तुझा राग खोटा नाही, तो माझ्यावर काढ, फोन करून हव्या तेवढ्या शिव्या दे.

पण आईला हे कळता कामा नये. तिला आता आणखी एकदा ‘तुला काय कळतं’ ऐकवणार नाही मी. ती दारातच प्लेट पुढे करेल आणि तुझ्या तोंडाकडे बघेल. तेव्हा तुला ‘छान झाली गं आई’ एवढं म्हणता येणार असेल, तर ये. जमणार नसेल तर तिकीट रद्द कर. मुलगा का आला नाही, याचं उत्तर मी तिला देईन. मुलगा येऊन काय बोलला, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

या वेळी आईच्या बाजूने उभी असलेली,
अदितीताई