एकच लेबल चुकीचं

४ नोव्हेंबर, सोमवार
आज शरीररचना संग्रहालयात लेबल लिहिण्याच्या कामावर रुजू झालो. खोली लांबट, उत्तरेला तीन खिडक्या, लिहायला उजेड उत्तम. शेजारच्या खोलीत माझी खाट, टेबल, फोन. मुलीला लगेच कळवून टाकलं की बापाच्या अक्षराचं अखेर चीज झालं.
मधोमध काचेच्या पेटीत मेणाचा मेंदू आहे, टोपलीएवढा, उभा कापलेला. त्यावर पाच लेबलं आणि पाचही चुकीची! तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूवर 'स्मरण' चिकटवलंय. गंधकंदावर 'तोल'. शिपाईमामा म्हणाला, आधीचे साहेब इथे वीस वर्षं होते, ठणठणीत निवृत्त झाले. असल्या ज्ञानावर वीस वर्षं! मी दहावी नापास, पण मेंदूवरची अकरा पुस्तकं कोळून प्यायलो आहे. विभागप्रमुख मॅडम आठवडाभर रजेवर निघाल्या होत्या. त्यांना सांगितलं, याल तेव्हा एकही चूक दिसणार नाही. पाचही नवी लेबलं आजच लिहून ठेवली.

५ नोव्हेंबर, मंगळवार
कपाळामागे, तळाशी, काडेपेटीच्या काडीएवढा गंधकंद. त्यावर 'गंध' लावलं. खळ मी स्वतः शिजवतो. माझी खळ एकदा धरली की सोडत नाही.
दुपारी मामाने विचारलं, साहेब, दूध करपून कोळसा झालं, नाक गहाण टाकलंत का? मला खरंच काही कळलं नव्हतं. सर्दी असावी.

६ नोव्हेंबर, बुधवार
लहान मेंदू: 'तोल'. पट्टी लावून पाहिलं, केसभरही तिरकं नाही. स्टुलावरून उतरलो तर फरशी एका बाजूला कलंडली. मामा म्हणाला, भरदुपारीच घेतली वाटतं. मला चहापलीकडे व्यसन नाही. भिंतीला धरून खाटेपर्यंत आलो.

७ नोव्हेंबर, गुरुवार
मामाने खुर्चीत बसवून पेटीसमोर आणलं. आज दोन लेबलं. 'वाचा' डाव्या अर्ध्याच्या पुढच्या भागात. समोर उभं राहिलं की तो आपल्या उजव्या हाताला येतो, भलेभले इथेच फसतात. मग आत दडलेल्या, समुद्रघोड्यासारख्या वळणावर 'स्मरण'.
मुलीचा फोन आला. मी तोंड उघडलं. नुसती हवा. ती म्हणत राहिली, "बाबा, बोला ना काहीतरी. रागावलात का?" मग तीच रडायला लागली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
जाग आली. ही खोली कुणाची? टेबलावर वही, पहिल्या पानावर उघडी. अक्षर माझं. सगळी वाचली.
सरपटत पेटीपाशी गेलो. डब्यात काढून टाकलेली चार जुनी लेबलं होती. उलटून पाहिली. प्रत्येकाच्या मागे आधीच्या माणसाचं अक्षर: 'बरोबर लावलंत की तेवढं तुमचं गेलं. चूक राहू द्या.'
नवी लेबलं नखांनी खरवडली. निघत नाहीत. खळ माझीच —
एकच चूक उरली आहे. मानेत उतरणारा देठ, लंबमज्जा. तिचं काम श्वास. तिच्यावर लेबल आहे 'गंध'. ते तसंच राहू द्यायचं. काहीही झालं तरी.

९ नोव्हेंबर, शनिवार
वही उघडी होती म्हणून वाचली. मामाला कागदावर लिहून दिलं, मला इथून बाहेर ने, मुलीला बोलाव. त्याने मोठ्याने वाचलं: "लंबमज्जा, श्वास. काय अक्षर आहे हो साहेब तुमचं!" पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उमटलं. इथे लिहिता येतं. दुसऱ्यासाठी लिहायला गेलो की —
दारापर्यंत सरपटलो. मामाने प्रेमाने उचललं, पुन्हा पेटीसमोर बसवलं. म्हणाला, एवढं एक राहिलंय ना, करून टाका.

१० नोव्हेंबर, रविवार
वाचली. ती चूक डोळ्यात खुपते — हात जातो — डाव्याने उजवा धरून ठेवला.
'श्वास'चं लेबल फाडायला घेतलं. इतकं सुरेख उतरलंय — फाडवेना.
उद्या मॅडम येतील. तोवर फक्त — वही मिटली गेली तर? पुढच्या कोऱ्या पानावर लाल शाईत लिहून ठेवतो. हात लेबलाकडे वळायच्या आत —

आधि ही वही वाच

११ नोव्हेंबर, सोमवार
आज बहुधा माझा पहिला दिवस. खोली लांबट, उजेड उत्तम. मामा नावाचा शिपाई म्हणाला, मॅडम जिना चढताहेत.
या पानावर कुणीतरी लाल शाईत खरडून ठेवलंय, 'आधि ही वही वाच'. 'आधी'तली धी ऱ्हस्व! असल्या माणसाचं काय वाचायचं?
मेणाचा मेंदू मात्र देखणा. पाच लेबलं, चार अगदी बिनचूक. एकच चुकीचं. बरोबर लेबलही टेबलावर तयार आहे, अक्षर मोत्यासारखं. मॅडम आत यायच्या आत लावून टाकतो. डाव्या हाताने दाबून धरलंय, उजव्याने हे लिहितोय. छान बसलं. सरळ. आता एकही चू