जावई खोडून पेनिसिलिन लिहिण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
रुग्णालय कार्यालय, तळमजला.

विषय : खाट क्र. १७ वरील लाल ॲलर्जी-कार्डाची ओळ क्र. ४ बदलून मिळणेबाबत.
संदर्भ : सिस्टरांचे तोंडी उत्तर, "कार्ड भरलंय गं, साहेबांना अर्ज दे."

महोदय,

१. अर्जदार ही खाट क्र. १७ वरील रुग्णाची नात असून इयत्ता नववीत शिकते. अर्जलेखनात तिला दहापैकी नऊ गुण आहेत.

२. पायाच्या जखमेत पू झाल्याने आजोबांना दाखल केले, तेव्हा शिकाऊ सिस्टरांनी विचारले, "आजोबा, कशाकशाची ॲलर्जी?" आजोबा खोटे बोलत नाहीत. त्यांनी क्रमाने सांगितले: भोपळा, लोकरी टोपी, पहाटेचा गजर, जावई, फुगे आणि "आता कसं वाटतंय?" असे विचारणारे लोक. कार्डाच्या सहाही ओळी सुवाच्य अक्षरात भरल्या.

३. दुसऱ्या दिवशी शिरेतून पेनिसिलिन सुरू केले. दहा मिनिटांत आजोबांच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घेता येईना. डॉक्टरांनी धावत येऊन ते बंद केले, दुसरे इंजेक्शन दिले आणि आजोबा वाचले. अर्जदार जन्मभर ऋणी आहे. (ती तेव्हा जिन्यात जाऊन रडली, पण तो या अर्जाचा विषय नाही.)

४. खरी ॲलर्जी सापडली, पण लिहायला जागा नाही. एका रुग्णाला एकच कार्ड, असा नियम आहे म्हणे. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिले आहे. ते अक्षर अद्याप कोणाला लागलेले नाही. त्याच संध्याकाळी पाळी बदलली आणि नव्या सिस्टर तीच बाटली घेऊन आल्या. कार्ड नीट वाचून म्हणाल्या, "यात भोपळा नाहीये, घाबरू नका." अर्जदार खाटेवर चढून आडवी पडली, म्हणून टळले.

५. कार्ड मात्र कसोशीने पाळले जाते, हे नमूद करताना आनंद होतो. स्वयंपाकघराने भोपळा बंद केला. आतोबांना, म्हणजे कार्डातील जावयांना, वॉचमन काकांनी "तुम्ही ॲलर्जी आहात" म्हणून दारातूनच परत पाठवले. ते गेले तीन दिवस जिन्यात केळी घेऊन बसून आहेत.

६. तूर्त अर्जदाराने उपलब्ध एकमेव मोकळ्या जागी, म्हणजे आजोबांच्या टकलावर, मार्करने "पेनिसिलिन नको" असे लिहिले आहे. दारातूनही वाचता येते. परंतु घामाने पुसते, निम्मे उशीवर उमटते आणि रोज सकाळी गिरवावे लागते. सोमवारी सकाळी अर्जदाराचा भूमितीचा पेपर आहे. आईचे अक्षर डॉक्टरांच्या वळणाचे. घरात सुवाच्य लिहिणारे उरले एकटे आतोबा, आणि त्यांना आत सोडत नाहीत!

तरी सोमवारच्या आत ओळ क्र. ४ मधील जावई खोडून तेथे पेनिसिलिन लिहावे, म्हणजे टकलाला सुट्टी मिळेल आणि आतोबांना भेट. आजोबांची संमती घेतली आहे. ते म्हणाले, "खोड. पण पेन्सिलीने."

टक्कल गिरवून थकलेली,
आपली नम्र,
नात, खाट क्र. १७
शनिवार, दुपार

सोबत :
१) उशीचा अभ्रा (उलट्या अक्षरांसह)
२) टोक केलेली पेन्सिल
३) खोडरबर जोडलेला नाही, तो आजोबांनी स्वतःजवळ ठेवून घेतला आहे.