डाव्या हातावरची चारुशीला

१९ नोव्हेंबर १९७२, रविवार
चारुशीला जाऊन दीड वर्ष झालं. मी पूर्ण सावरलो आहे. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ऑफिसात अजून सगळे माझ्याशी दबक्या आवाजात बोलतात. दुपारी स्वयंपाकघरात कोणीतरी खाकरतं, तेवढं सोडलं तर घर शांत आहे. काही खटकलं की बोलण्याआधी ती तशी खाकरायची. पण हे मांजर असावं.
घरमालकीण रुखमाबाईंनी आज ओसरीवर बसून हातावरचं गोंदण दाखवलं. म्हणाल्या, "सोनंनाणं इथंच राह्यते भाऊ, मेल्यावर आंगासंगं हेच येते." निव्वळ अडाणीपणा. मी विज्ञान मानतो. मात्र एक व्यावहारिक प्रश्न उरतोच. तिकडे एवढी गर्दी. ती मला ओळखणार कशी?

२० नोव्हेंबर
रजा टाकून रामटेकच्या यात्रेला गेलो. सहज. गोंदून आलो.
मशीनवाला फार तरबेज. सकाळपासून एकच सुई चालवून राहिला होता. माझ्या आधी एका पहिलवानानं दंडावर विंचू काढून घेतला. दंडावर पिकलेले फोड होते, रक्तही बरंच आलं. पण सुई वाटीतल्या पाण्यात बुचकळली, फडक्यानं पुसली, की झाली स्वच्छ. फडक्याचा मूळ रंग सांगता येणार नाही.
मी चिठ्ठीवर नाव नीट लिहून दिलं होतं. तरी त्यानं 'चारुशिला' केलं. ऱ्हस्व. आणि ती शाळेत मराठी शिकवायची! पण यात्रेत शुद्धलेखनावरून वाद घालणं मला शोभलं नसतं.
दुखलं नाही. ओरडलो ते मशीनच्या आवाजात ऐकू जावं म्हणून.

२२ नोव्हेंबर
हात गरम लागतो. शाई मुरते तेव्हा असं होतच असणार. हेडक्लार्कनं विचारलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का? मी म्हटलं, ते गंजक्या खिळ्यासाठी असतं, ही स्टीलची सुई होती. त्यानं समोरची फाइल उघडली. मुद्दा पटला असावा.
रुखमाबाई हळद लावा म्हणतात. मी शिकलेला माणूस. टाल्कम पावडर लावली.

२४ नोव्हेंबर
मनगटापासून कोपरापर्यंत सूज. शर्टाची बाही चढत नाही. 'चारु'वर पिवळं पाणी. थंडी वाजून ताप.
संकल्प: हात उंच ठेवणे. पावडर बदलणे. उद्या नक्की ऑफिसला जाणे.

२५ नोव्हेंबर, दुपारी
ऑफिसला गेलो नाही. बरंच झालं.
ताप एकशे दोनच्या वर गेला आणि स्वयंपाकघरातून खाकरणं ऐकू आलं. मांजर नव्हतं. चारुशीला दाराशी पाटावर मेथी निवडत बसली होती. तीच जांभळी साडी, मानेशी तोच ढिला अंबाडा. वर न बघता म्हणाली, "शी दीर्घ."
इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.
टीप: मी भूतखेत मानत नाही. पण घरचं माणूस घरी आलं तर हाकलणार नाही.

२६ नोव्हेंबर
सकाळी ताप थोडा उतरला, तर ती नाही. दुपारी चढला, तर आली. म्हणजे नियम साधा आहे. तापावरच्या ऍस्प्रोच्या गोळ्या खिडकीबाहेर टाकल्या.
आज बरंच बोललो. म्हणजे मी बोललो. गॅसचा नंबर लागल्याचं सांगितलं, कडुलिंब तोडल्याचं सांगितलं. ती काड्या मोडत राहिली. शेवटी खाकरली आणि म्हणाली, "डॉक्टरकडे जा."
ती असं म्हणणं शक्य नाही. माझ्या ऐकण्यात चूक झाली.
हातावरून एक लाल रेघ निघून दंडापर्यंत आली आहे. काखेकडे चालली आहे. तिथून हृदय जवळच. दिशा योग्य आहे.

२७ नोव्हेंबर
ती आज पाटावर नाही, माझ्या उशाशी बसली. मेथी नाही. रडत होती. आणि सारखं तेच. डॉक्टर, डॉक्टर. मी म्हटलं, अगं, बरा झालो तर तू येशील का? उत्तर दिलं नाही. हे मात्र तिचं नेहमीचं.
अक्षर वाकडं येतं आहे. पेन खराब.

२ डिसेंबर, दवाखाना
आता लिहिता येतं. झालं ते असं: रुखमाबाईंनी दार ढकललं, हात बघितला आणि ओरडल्या, "काहून गा भाऊ, मराचं हाय का तुमाले? आन् कोणासंगं बोलून राह्यले?" मी ओळख करून द्यायला वळलो तर उशाशी कोणी नव्हतं. रुखमाबाईंनी मला सायकलरिक्षात घातलं. मी विरोध केला, पण तो बहुधा मनातल्या मनात.
डॉक्टर तरुण आहे आणि उद्धट. म्हणाला, रक्तात विष पसरत होतं, आणखी एक दिवस गेला असता तर हात गेला असता, कदाचित तुम्हीही. पू काढताना 'चारु'ची कातडी कापावी लागली. पेनिसिलिन चालू आहे. वर म्हणाला, त्या सुईवर आणखी कोणाकोणाचं रक्त होतं देव जाणे, अजून काही महिने डोळ्यांवर लक्ष ठेवा, पिवळे दिसले, लघवी गर्द झाली तर तडक या, कावीळ जिवावर बेतते.
आणि विचारलं, "हे कशासाठी केलं या वयात?"
म्हटलं, हौस.

९ डिसेंबर
ऑफिसला गेलो. पट्टी सुटली. हातावर फक्त 'शिला' उरलं आहे. टायपिस्टनं विचारलं, ही शिला कोण? हेडक्लार्क म्हणाला, शिला म्हणजे दगड. आता कोणीही दबक्या आवाजात बोलत नाही. ही प्रगतीच.
घरी आलो. कोणी खाकरलं नाही.

१४ डिसेंबर
रोज आरशात डोळे बघतो. पांढरे. डॉक्टरनं उगाच घाबरवलं. किंवा उगाच आशा लावली.
पंख्याखाली ओल्या बनियनवर बसून पाहिलं. नुसत्या शिंका आल्या.

१७ डिसेंबर, रविवार, दुपारी
मेथी आणली. निवडायला घेतली. स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून, जिभेखाली थर्मामीटर धरून बसलो. अठ्ठ्याण्णव. झटकून पुन्हा लावला. अठ्ठ्याण्णवच.
रुखमाबाईंनी ओसरीवरून हाक मारली, "बरं हाय ना भाऊ आता?"
हो म्हणालो. आवाज नीट निघाला नाही, म्हणून खाकरून पुन्हा म्हणालो.
थर्मामीटर बिघडला आहे. उद्या सीताबर्डीवरून नवा आणतो.