शेवग्याच्या पाल्याचे गोड रोडगे

लेकी वच्छला,

यमूच्या बारशाच्या साली तू मला अक्षरं शिकवलीस, म्हणून तोंडानं होत नाही ते लिहून ठेवतो.

आजोळी वरूडला तापानं झिजून घरी आलेली नात यमू पालेभाजीला शिवत नाही. म्हणून तिच्या वरूडच्या आजीसारखे कणकेचे गोड रोडगे आरात, निखाऱ्यांवर भाजले, गुळाच्या सारणात शेवग्याचा वाळला पाला कुटून लपवला. आजीनं वरूडहून पाठवले, असं तिला सांगितलं. एक घास खाऊन ती म्हणाली, "आबाजी, हे आजीचे नाही. आजी पाला फडक्यानं चाळते. हा माह्या दातात अडकून राहिला."

म्हणजे आजीच्या रोडग्यातही पाला असतो हे पोरीला ठाऊक होतं, तरी खायची.

पुढचं तिला माझ्यानं सांगवत नाही, म्हणून मी चांदूर बाजारला जातो. पाला चाळून नवे रोडगे कर, आणि तिला खरं सांग. तिची आजी लीलाबाई पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारली.