पाय ठेवला की बोलणारी खोली

मल्हारगंज, इंदूर
रविवार, २२ ऑगस्ट १९९९

चि. अनू,

आईचे आशीर्वाद. तुझं पत्र आणि तो टेपरेकॉर्डर, दोन्ही सुखरूप पोचले. राजेंद्र नगरची तुझी मैत्रीण अमिता स्वतः घरी येऊन देऊन गेली, कुठलं बटण कधी दाबायचं तेही शिकवून गेली. पोरगी गुणाची आहे, पण फार वाळलीय. बडोद्याला तुम्हाला जेवायला घालतात की नुसते प्रोजेक्टच करायला लावतात?

इकडे सगळं ठीक. बाबा बरे आहेत. पाऊस यंदा बेताचाच आहे, त्यामुळे मागच्या भिंतीला ओल नाही.

तुझं ते प्रोजेक्ट पुन्हा पुन्हा वाचलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. एक रिकामी खोली. जमिनीवर चटया, चटयांखाली वायरी. कुणी पाय ठेवला की त्या जागचा दिवा लागणार आणि आपल्या घरातला आवाज येणार. ओट्यापाशी उभं राहिलं की पोळ्या लाटल्याचा, दारापाशी उभं राहिलं की कडीचा. माणूस बाजूला झाला की दिवा गेला, आवाज बंद. आणि याला मार्क देणार! बाई गं. शेजारच्या मंगलाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मतलब पोरगी भूतबंगला बनवतेय का?" मी म्हटलं, भूतबंगला नाही हो, झाँकी आहे. आपल्या मिलच्या झाँकीत झाँकी हलायची आणि लोक उभे राहून बघायचे, हिच्या झाँकीत लोक हलले तरच झाँकी हलणार. बरोबर सांगितलं ना?

हे खूळ तुझ्या डोक्यात तिथूनच शिरलंय. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीसाठी मिलचे लोक महिनाभर ट्रॉल्यांवर हलते देखावे बांधायचे, आणि तुझे बाबा मिलचे वायरमन, म्हणजे सगळे दिवे न् सगळ्या मोटारी यांच्या गळ्यात. तू फ्रॉकच्या ओच्यात लाल-हिरवे बल्ब घेऊन यांच्या मागे मागे. हात काळे, तोंड काळं, आणि घरी आल्यावर धुवायला मी. तेव्हा वाटलं नव्हतं की याचंही कुणी कॉलेज काढेल.

आता आवाजांचं. भोंगा मागितलास. अगं, भोंगा कुठून आणू? मिलला टाळं लागून दोन वर्षं झाली. मला पहाटे जाग मात्र अजून त्याच वेळेला येते, आणि मग उठून करायचं काय ते समजत नाही. बाबांची ती हाक मागितलीस, शिडीवरून ओरडायचे ती, "अनूऽ, टेस्टर आण!" तर त्यांचा घसा बसलाय. माठातलं पाणी ढसाढसा प्यायची सवय, दुसरं काय. बरा झाला की घेईन.

बाकीचं मी काल सगळं केलं. बटण दाबलं, स्वयंपाक केला, जेवले, भांडी घासली, आणि मग मोठ्या हौसेने लावून ऐकलं. अनू, आपलं घर इतकं गप्प असतं हे मला माहीत नव्हतं. पंखा घरघरतोय, मधेच मी खोकले, परत पंखा. मला असा राग आला! उठले, टेप घेतला आणि मंगलाबाईंकडे जाऊन बसले. त्यांचा कुकर, त्यांची नातवंडं, त्यांची सुनेवरची कटकट, सगळं भरून आणलंय. तुझ्या खोलीत जरा माणसं असल्यासारखं वाटेल. कोणाला काय कळतंय!

कॅसेट अमिताबरोबर पाठवते. शेव पण आहे, लवंगेची. वाटून खा.

तुझी
आई


मल्हारगंज, इंदूर
बुधवार, १५ सप्टेंबर १९९९

चि. अनू,

अनेक आशीर्वाद. गणपती बसले. यंदा मूर्ती लहानच आणली. मोदक केले, मंगलाबाईंकडे दिले, थोडे उरले ते दोन दिवस खाल्ले.

तुझ्या पत्राने मी चाटच पडले. मला वाटलं होतं, कॅसेट ऐकून खूश होशील. तर तू विचारतेस, "आई, ताट एकच का वाजतंय?" काय कान आहेत की काय! अगदी बापावर गेलीस. हे पण मिलच्या फाटकातूनच सांगायचे, आतली कुठली मोटार कुरकुरतेय ते. अगं, त्या दिवशी यांना यायला उशीर झाला होता. मी आधी जेवून घेतलं. आता बायकांनी थांबायचे दिवस राहिलेत का?

आणि मंगलाबाईंचा कुकर तू ओळखलास. तो त्यांचा त्यांना परत करायला सांगितलास. "मला आपलंच घर हवंय, जसं आहे तसं." जसं आहे तसं म्हणतेस तर मग तो पंखाच ठेव.

बाबांचा घसा अजून बरा नाही. वैद्यांचं औषध चालू आहे.

झाँकीच्या शेडमधला आवाज तरी आण म्हणालीस, म्हणून परवा दुपारी टेप पिशवीत घालून गेले. मिल बंद असली तरी लोकांनी चंदा जमवून यंदाही झाँकी धरलीय. फाटकाच्या आत गवत कमरेएवढं वाढलंय, पण शेडमध्ये तेच सगळं, बांबू, गोणपाट, खळीचा वास. चेहरे मात्र निम्मेच. प्रतापराव, ते सुतारकाम करायचे ना, तेच आता सगळ्यांचे मुखिया झालेत. मला बघून म्हातारा धावतच आला. म्हणाला, "वहिनी, चांगलं झालं आलात. हत्ती बनवलाय मोठा, पण सोंड काही हलत नाही. बाजारातून आणलेला पोरगा सारखा फ्यूज उडवतोय. आपले वायरमन भिया असते तर एका मिनटाचं काम होतं."

मी म्हटलं, हो ना. मग त्यांनी चहा मागवला. सगळे गोल करून बसले आणि यांच्याच गोष्टी सांगायला लागले. रावणाची मान उलटी फिरली होती त्या वर्षीची, तू मोटारीवर शाई सांडली होतीस तीही. इतके हसलो आम्ही! मला किती दिवसांनी एवढी माणसं भेटली. घरी येऊन बघते तर बटण दाबायचंच विसरले होते. म्हणजे हा आवाज काही तुला मिळायचा नाही. माफ कर बाई.

आत्ता वरचं वाचून बघितलं. बाबा शेडमध्ये का नव्हते, असं तू आता विचारशील. तब्येत, अनू. तब्येत बरी नसते त्यांची. काळजीचं काही नाही आणि धावत यायचं तर मुळीच नाही. तुझं काम दसऱ्यापर्यंत व्हायचंय, त्यात लक्ष घाल.

आईचे आशीर्वाद.


मल्हारगंज, इंदूर
रविवार, २६ सप्टेंबर १९९९

अनू,

तुझी तार आली. "बाबांना काय झालंय? मी निघते." तारवाला दारात उभा असतानाच मी वाचली. निघू नकोस, तशी तारही केलीय. आधी हे पत्र पूर्ण वाच. त्यासोबत कॅसेट आहे, ती नंतर ऐक.

बाबांना काहीही झालेलं नाही. घसा ठणठणीत आहे. ते इथे नाहीत.

जूनमध्ये तू सुट्टी संपवून गेलीस, त्यानंतर पंधरवड्यातच हे सुरतेला गेले. तिथे एका पॉवरलूमच्या कारखान्यात वायरमनची नोकरी आहे, वरच्या माळ्यावर चौघांत मिळून राहतात. इथे काम शोधून शोधून थकले होते गं. लोकांच्या घरचे पंखे दुरुस्त करायचे आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. तुला दिसू देत नव्हते. जाताना मला बजावून गेले, अनूला सांगायचं नाही. मी म्हटलं, का? म्हणाले, "ती कॉलेज सोडून येईल." मी म्हटलं, येईलच ती. "म्हणूनच सांगायचं नाही."

आणि अजून एक सांगते, हे ऐकून तू माझ्यावर चिडशील. इंदूरहून सुरतेची गाडी बडोद्यावरूनच जाते. बडोद्याला हे खाली उतरले होते. प्लॅटफॉर्मवर चहा प्यायले, बाहेरच्या रिक्षावाल्याला तुझं कॉलेज कुठल्या बाजूला ते विचारलं, आणि परत गाडीत येऊन बसले. "पोरीसमोर कुठल्या तोंडाने उभा राहू, हातात ट्रंक घेऊन?" असं मला फोनवर म्हणाले. मी त्या दिवशी यांना खूप बोलले. मग घरी येऊन रडले.

तीन महिने मी तुला खोटं लिहितेय. मला जमत नाही हे, तू बघतेसच. आणि खरं सांगू? तुझ्या त्या खोलीचा मला राग येतो. माणूस आला की आवाज, माणूस गेला की गप्प. त्यासाठी वायरी कशाला हव्यात? इथे येऊन बस ना माझ्याजवळ. सकाळी मी दार उघडते, कडी वाजते. रात्री लावते, कडी वाजते. मधल्या वेळात मी तुझ्या टेपशी बोलते, अनू. बटण न दाबताच.

परवा झाँक्या निघाल्या. मंगलाबाईंबरोबर कोपऱ्यापर्यंत गेले. आपला हत्ती आला, सोंड बांधून ठेवलेली होती. प्रतापरावांनी ट्रॉलीवरून मला हात केला. मी पुढची झाँकी न बघताच परत आले.

आता कॅसेटचं. दर रविवारी सकाळी हे हरीभियांच्या एसटीडी बूथवर फोन करतात. आज मी टेप घेऊन गेले आणि रिसीव्हर न् टेप असे एकत्र कानाशी धरले. हरीभिया बघतच राहिले. यांना सांगितलं नाही, नाहीतर तोंडच उघडलं नसतं. आवाज खरखरतोय, पण आहे. कशी आहेस म्हणतात, जेवलीस का म्हणतात, आणि मग म्हणतात, "अनूचं पत्र आलं तर लिही, बाबा घरीच आहे." तेवढ्यात मागून जी खटखट ऐकू येते ती कशाची, हे मिलवाल्याच्या पोरीला मी सांगायला नको. तुझ्या खोलीत हे लावायचं की नाही ते तू ठरव. तुला आपलं घर जसं आहे तसं हवं होतं ना, तर ते असं आहे.

नंतर मी सांगितलं यांना, दसऱ्याच्या आधीच्या रविवारी अनूची खोली उघडतेय म्हणून. तर म्हणाले, "मी काय करू तिथे? मोठमोठे लोक येतील." मग म्हणाले, "तिला विचार, चटईखालचे जोड नीट टेप केलेत का. कुणाला करंट लागायला नको." मग हळूच, "कॉलेज स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे का गं?"

येतील की नाही, देव जाणे. आले तर आत पाऊल टाकायचे नाहीत, मी ओळखते यांना. चपला काढून दाराबाहेर उभे राहतील, वायरी कुठून कशा गेल्यात ते लांबूनच बघतील आणि निघून जातील. तुझी खोली पाय ठेवल्याशिवाय बोलत नाही, आणि हा माणूस बोलावल्याशिवाय पाय ठेवत नाही. त्या दिवशी दारावर लक्ष ठेव. मोठमोठ्या लोकांना जरा बाजूला कर आणि आतून जोरात हाक मार, "बाबाऽ, टेस्टर आणा!" टेस्टर असेल त्यांच्या खिशात. तो नसला तर ते घरातून निघतच नाहीत.

मग दोघं कुठेतरी जेवायला बसा. आणि बसलात की टेपचं बटण दाब. काही बोलला नाहीत तरी चालेल, नुसती ताटं वाजली तरी चालतील. ती कॅसेट मला पाठव. मी इथे ओट्यापाशी लावीन.

वाट बघणारी,
तुझी आई