चुकवलेलं इंजेक्शन

कोपरगाव, १७ मार्च

संध्याकाळी मेहुणा सुदाम मिशीला पीळ देत म्हणाला, “दाजी, सोडा ते इंजेक्शन. बाईमाणूस व्हाल अशानं.” मूर्ख! माझा प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो. ते हार्मोन बंद पाडायलाच दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असतं. अंगाची लाही होते, सदरा घामानं भिजतो, पण जगतोय. त्या मिशीवाल्याला काय कळणार!

आणि मला तरी कुठं कळलं? गेल्या खेपेला त्याचंच ऐकून मी ते चुकवलं आणि हिला ‘घेतलं’ म्हणालो. आज रक्ताच्या रिपोर्टात कॅन्सरचा आकडा वाढून आला, तर ही बिचारी औषधालाच बोल लावत होती.

“मला नवरा जिता पायजे, सुदाम. निघ तू,” ही म्हणाली.

तो गेल्यावर मी खरं सांगून टाकलं. तिनं माझी दवाखान्याची फाइल पिशवीत घातली. मग म्हणाली, “उद्या इंजेक्शनला मी संगं येणार.”

मर्द म्हणे! मी तर साधा खोटारडा.